धाकटीची जीभ, थोरल्याचा कान

"माणसाचं नशीब ग्रह ठरवत नाहीत, जनुकं ठरवत नाहीत, आणि सरकार तर नाहीच नाही! माणूस आयुष्यभर कुणापुढे वाकणार आणि कुणाला वाकवणार, हे ठरतं ते तो घरात कितवा जन्मला यावरून. मित्रहो, मानवजातीच्या इतिहासात आज प्रथमच आम्ही माणसाला या क्रमांकाच्या जोखडातून मुक्त केलं आहे!"

पुण्याच्या मेंदूविज्ञान परिषदेत डॉ. श्रीनिवास उकिडवे यांनी हे उद्गार काढले आणि देशोदेशीचे शास्त्रज्ञ उभे राहून टाळ्या वाजवू लागले. टाळ्या जरा ओसरल्या तेव्हा पहिल्या रांगेतले एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसल्याजागीच खणखणीत आवाजात म्हणाले,

"शिन्या, वरचं बटण लाव."

मानवजातीच्या मुक्तिदात्याने वरचं बटण लावलं. मग खालचीही चाचपून पाहिली.

सातारच्या दरड-इशारा केंद्रात ऋतुजा सपकाळ जेवणाचा डबा उघडता उघडता हे थेट प्रक्षेपण बघत होती. ती इतकी हसली की ठसका लागला. ऋतुजा या केंद्राची प्रमुख. सह्याद्रीच्या डोंगरांच्या पोटात केंद्राने काचतंतूंच्या तारा पुरल्या होत्या. डोंगर केसभर सरकला तरी तार ताणली जायची, आणि मातीत मुरलेल्या पाण्याचा दाब कितपत चढलाय हे शेजारच्या नळ्यांतून कळायचं. ताण आणि दाब, या दोन गोष्टींवरून ऋतुजा ठरवायची की कुठली वाडी आज आपल्या घरी राहणार आणि कुठली शाळेच्या वर्गात. तिने 'लाल' म्हटलं की पोलीस धावायचे, बसगाड्या धावायच्या, एकदा तर साक्षात जिल्हाधिकारी अनवाणी धावले होते.

ठसका थांबतो न थांबतो तोच फोन वाजला.

"चिमे, जेवलीस का?" करंजवाडीहून थोरला भाऊ महेंद्र, म्हणजे दादा, बोलत होता.

"हो दादा."

"काय खाल्लंस?"

"ते... आपलं... पोळी."

"पोळी न्हाय, भाकरी खात जा. ठेव."

फोन बंद झाला. समोरचा डबा अजून उघडलेलाही नव्हता. पन्नाशीला टेकलेली, तीन जिल्ह्यांचे डोंगर ताब्यात असलेली ऋतुजा सपकाळ त्या बंद डब्याकडे बघत बसली. पोळीचं दुःख तिला नव्हतं. गेले दोन महिने तिला दादाला एक वाक्य सांगायचं होतं: "दादा, घरामागचा डोंगर सैल झालाय, पावसाळा सरेपर्यंत सगळे माझ्याकडे राहायला या." वाक्य काही फार लांब नव्हतं. पण दर फोनवर ते "दादा, घरामागचा" इथपर्यंत यायचं आणि तिथेच धापा टाकायला लागायचं. तोवर दादा "घरामागचं गवत काढलंय मी, ठेव" म्हणून मोकळा.

तिने डॉ. उकिडव्यांना निरोप धाडला: प्रयोगाला माणसं हवी असतील तर मी आहे.

*

"हा आवाज तुमच्या दादांचा," डॉ. उकिडवे म्हणाले आणि त्यांनी एक कळ दाबली.

"चिमे," यंत्रातून दादा म्हणाला.

पडद्यावर ऋतुजाच्या मेंदूचं चित्र होतं. त्यात बोलण्याची जागा दिवाळीसारखी लखलखत होती. 'चिमे' म्हटल्याबरोबर ती विझली. एखाद्याने विजेचं मीटरच काढून न्यावं तशी.

"पण ऑफिसात मी बोलते! लोक घाबरतात मला!"

"ऑफिसात तुम्ही कुणाच्या धाकट्या नाही," डॉक्टर म्हणाले. "शास्त्रज्ञ इतकी वर्षं इथेच फसले. हजारो लोकांच्या पाहण्या केल्या, थोरले आणि धाकटे यांच्या स्वभावात फरक आहे का म्हणून. निघाला काय? जवळजवळ काही नाही. तरी दुनियेतला एकेक माणूस शपथेवर सांगतो की फरक आहे. दोन्ही बाजू खऱ्या कशा? तर फरक स्वभावात नाहीच. तो कानात आहे. लहानपणी मेंदूत वाटा पडत असतात ना, तेव्हाच भावंडाच्या आवाजाची एक वाट पडून जाते. आम्ही तिला पायरी म्हणतो. तो आवाज आला की धाकट्याची जीभ आपोआप एक पायरी खाली उतरते."

"आणि थोरल्याची?"

"थोरल्याचं उलटं. धाकटं बोलायला लागलं की थोरल्याची ऐकण्याची जागा मंद होते आणि उत्तर देण्याची पेटते. वाक्य ऐकायच्या आधीच उत्तर तयार! कार्यक्षमता म्हणून बघितलं तर थोर गोष्ट आहे."

त्यांनी एक चकती तिच्या हातावर ठेवली. टिकलीएवढी, कानामागे चिकटवायची. भावंडाचा आवाज ती ओळखायची आणि कानामागच्या मज्जातंतूला इतका सूक्ष्म ठोका द्यायची की पायरी उतरायला निघालेली जीभ जागच्या जागी थांबायची. नाव 'समपायरी'. थोरल्यांसाठी निळी, धाकट्यांसाठी पिवळी.

"मला वैशालीताई म्हणून मधली बहीणही आहे. तिच्यासाठी कुठली?"

डॉक्टर जरा घुटमळले. "मधल्यांचं... त्याचं काय आहे, त्यांच्या आलेखात काही धड सापडत नाही. आम्ही त्यांना 'इतर' मध्ये टाकलंय."

"आणि तुमच्या मोठ्या भावाने निळी लावलीय?"

डॉ. उकिडव्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "दोन वर्षं मागे लागलोय," ते म्हणाले. "म्हणतो, आधी केस काप."

*

गौरीपूजनाच्या दिवशी ऋतुजा कानामागे पिवळी चकती लावून करंजवाडीला पोचली. सपकाळांकडे गौरी थोरल्याच्या घरी बसतात आणि बाकीच्यांनी तिथे जायचं असतं. हा नियम कुणी केला हे विचारायची सोय नाही, कारण तो थोरल्यानेच केला असणार. घर डोंगराच्या पायथ्याला. दादा माजी सरपंच. हे पद असं आहे की त्याची मुदत कधीच संपत नाही.

बैठकीच्या खोलीत दोन्ही गौरी भरजरी साड्या नेसून उभ्या होत्या, उजवीकडे ज्येष्ठा आणि डावीकडे कनिष्ठा. मुखवटे एकाच साच्यातले, त्यामुळे थोरली कोण हे फक्त जागेवरून कळायचं. स्वयंपाकघरात वैशालीताई पुरण वाटत होती आणि वहिनी कणीक तिंबत होती. पुरण शिजवलेल्या पातेल्याच्या बुडाला जी खरपूस गोड खरवड धरते ती या घरात धाकट्याची. हाही नियमच. वैशाली चिमीपेक्षा दोनच वर्षांनी मोठी. ती शेंडेफळ होती तेव्हा तिला पुरते दात नव्हते, आणि ते आले तोवर चिमी आलेली होती.

"चिमे, आलीस? वाळलीयेस. बस," दादा म्हणाला.

"वाळले नाहीये, दादा. आणि आधी हात-पाय धुते, मग बसते."

वहिनीने परातीतून हात काढला.

"काय झालं गं हिला?" दादाने हळूच वैशालीला विचारलं.

"पित्त झालं आसंल," वैशाली म्हणाली आणि कोकमाचं सरबत करायला उठली.

ऋतुजाला मात्र आपल्याच जिभेचं नवल वाटत होतं. वाक्यं कशी सरळ, कणा असलेली बाहेर पडत होती. चहात साखर कमी आहे, हे ती आयुष्यात प्रथमच या घरात म्हणाली. वहिनीने चाखून पाहिलं, तर खरंच कमी होती. आता जेवणं झाली की ते दोन महिन्यांचं वाक्य, तिने ठरवलं.

पण जेवणापर्यंत थांबायची सवड डोंगराने दिली नाही. पुरण वाटून व्हायच्या आतच तिच्या मनगटावरचं यंत्र थरथरलं. करंजवाडी: नारिंगी. ताणाची रेघ उभी चढली होती. दाब मर्यादेच्या जरासा खाली होता, पण चढत होता, आणि बाहेर सकाळपासून पाऊस ओतत होता. नियमाप्रमाणे दोन्ही रेघा ओलांडल्याशिवाय लाल म्हणता येत नव्हतं, आणि लाल झाल्याशिवाय बस आणि पोलीस निघत नव्हते. हा नियम एवढा कडक झाला त्याला कारण करंजवाडीच होती. गेल्या वर्षी केंद्राने इथे लाल इशारा दिला. सगळी वाडी शाळेत जाऊन खिचडी खाऊन परत आली. डोंगर हलला नाही. फक्त रिकाम्या वाडीत शिरून कोल्ह्याने दादाच्या कोंबड्या नेल्या.

आणि लाल होईस्तोवर थांबावं, तर तोवर ओढ्यावरचा साकव पाण्याखाली जाणार. बाहेर पडायला तो एकच रस्ता.

ऋतुजा दादापुढे उभी राहिली.

"दादा, घरामागचा डोंगर सुटायला लागलाय. ताण मर्यादेबाहेर गेलाय, पाण्याचा दाब चढतोय. साकव बुडायच्या आत आपल्याला आणि सगळ्या वाडीला शाळेत जायला हवं. आत्ता."

एका दमात. एकही शब्द न गिळता. डॉ. उकिडवे तिथे असते तर रडले असते.

"झालं?" दादा म्हणाला. "आता माझं ऐक. हा डोंगर माझ्या आज्याच्या आधीपास्नं हितं हाय. तुझी मशीन गेल्या वर्सी पण बोंबलली. माझ्या कोंबड्या गेल्या."

"दादा, गेल्या वर्षी फक्त दाब वाढला होता. या वेळी ताण..."

"आणि घरात गवरी बसल्यात. उद्या इसर्जन. पूजा झालेली गवर जागेवरनं हलवायची? कुणी ऐकलंय का असलं?"

"माणसं गेली तर गौरी कुणाच्या घरी..."

"मला शिकवतीस?"

दारात एव्हाना शेजारपाजारचे चारदोन लोक येऊन उभे राहिले होते. माजी सरपंच काय म्हणतात तेच वाडी म्हणणार, हे उघड होतं. ऋतुजाने आणखी आकडे सांगितले. आलेख दाखवला. ती जितकी नीट बोलत होती तितका दादा जास्त ताठ होत होता. तिला स्पष्ट दिसलं: आपल्या तोंडून वाक्य पुरं होण्याआधीच त्याच्या डोळ्यांत उत्तर उभं राहतंय. चकतीने तिची जीभ मोकळी केली होती. दादाच्या कानाला ती कुठे माहीत होती?

ती पडवीत गेली आणि तिने डॉ. उकिडव्यांना फोन लावला.

"डॉक्टर, थोरल्याचा कान कसा उघडायचा? लवकर सांगा, डोंगर येतोय."

"निळी चकती..."

"कानामागे निळी टिकली? दादा नाही लावणार. दुसरं?"

"एक गोष्ट आहे," ते म्हणाले. "प्रयोगात एक धाकटी मुलगी यंत्राला घाबरून रडली होती. तेव्हा तिच्या थोरल्याची ऐकण्याची जागा अशी पेटली की आम्हाला वाटलं यंत्र बिघडलं. आम्ही तो आलेख चूक म्हणून वगळला. पण मला आपलं वाटतं, पायरी चढायलाही असते. वरच्याला खालचं काही ऐकू जात नाही, असं नाही. त्याला बहुतेक फक्त एकच गोष्ट ऐकू जाते."

ऋतुजाने फोन ठेवला.

ती सहा-सात वर्षांची असताना याच डोंगरावर करवंदं काढायला गेली होती आणि एका कपारीत अडकली होती. 'दादा' म्हणून एकदाच ओरडली. दादा तेव्हा खाली बापाचा मार खात होता. मार अर्धा टाकून तो धावला होता.

तिने कानामागची चकती काढली. आतून दादाचा आवाज आला आणि जीभ तत्क्षणी खाली उतरली. तिला जिना उतरल्यासारखं कळलं. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट कळली, जी तीन जिल्ह्यांच्या प्रमुखाच्या लक्षातच आली नव्हती. ताण, दाब, साकव या सगळ्याखाली कुठेतरी ती सकाळपासून नुसती घाबरलेली होती. हे आलेखात कुठेच नव्हतं.

ती आत गेली आणि तिने दादाचा सदरा धरला.

"दादा."

"आता काय?"

"मला... भ्या वाटतंय. लई."

दादा थांबला.

"डोंगराचं?" त्याचा आवाज एकदम दुसराच होता.

तिने नुसती मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने बोलावलेलं नव्हतं. "मला शाळेत न्हेऊन सोड. पर तू पण थांब. मी एकटी न्हाय थांबणार."

"आगं मग हे आधी सांगायचं न्हाईस का!" दादा कडाडला. "मगाधरनं ताण आन दाब, ताण आन दाब लावलंय! पोरगी घाबरलीय आन मेली मला आलेख दाखवतीय!"

मग जे झालं ते केंद्राच्या कुठल्याही आराखड्यात नाही. दादाने गणेश मंडळाचा कर्णा काढला आणि आरतीला वरताण आवाजात जाहीर केलं, "आमची चिमी घाबरलीय! तिला शाळेत न्यायची हाय! सगळी वाडी चला, ती एकटी थांबत न्हाय!" माजी सरपंचांच्या धाकट्या बहिणीला सोबत म्हणून अख्खी करंजवाडी निघाली. ट्रॅक्टर निघाले, जीपा निघाल्या, म्हशी निघाल्या. या वेळी कोंबड्याही. ज्या म्हाताऱ्यांना गेल्या वर्षी पोलिसांनी उचलून नेलं होतं ते "पोरीला सोबत नको का?" म्हणत काठ्या टेकत गाडीत बसले.

"पर गवरी?" वहिनी उंबऱ्यात अडली. दादाही अडला. कर्णा हातात, पण पाय निघेना.

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की उंबऱ्यापासून दारातल्या ट्रॅक्टरपर्यंत, जिथे छपराखाली कोरडं होतं तिथे, रांगोळीची पावलं काढून झालेली आहेत. वैशाली पाठमोरी वाकून शेवटचं पाऊल काढत होती.

"गवर माहेराला आलीय," ती मान वर न करता म्हणाली. "माहेर म्हंजी भाऊ-भावजय. भिंती न्हाईत. भाऊ जाईल तिथं ती पावलानं जाईल. मुखवटे मी पदरात बांधलेत. पुरणाचं पातेलंबी ट्रॅक्टरात ठेवलंय. तुमचं भांडण झालं असंल तर चला."

किती वेळापासून ती हे करत होती, कुणालाच ठाऊक नव्हतं.

*

साकव ओलांडून सगळे पलीकडच्या गावच्या शाळेत पोचले, आणि मुलांच्या बाकांवर पंगत बसायच्या बेतात असताना तो आवाज आला. गडगडाट नव्हता तो. जणू कुणीतरी फार मोठं, फार जुनं माणूस उसासा टाकून कूस बदलत होतं. ऋतुजाच्या मनगटावरचं यंत्र त्यानंतर लाल झालं.

संध्याकाळच्या उजेडात पलीकडे तांबडी जखम दिसत होती. दादाच्या घराची पडवी उभी होती. स्वयंपाकघर आणि मागची न्हाणी यांच्या जागी माती होती, आणि मातीत एक फणसाचं झाड ताठ उभं होतं, जणू ते तिथेच लावलं होतं. वाडी मोजून झाली. सगळे होते. म्हशीसुद्धा.

दादा खिडकीतून ते सगळं पाहून वळला. मग तो ऋतुजाजवळ येऊन बसला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दादाचं वाक्य अर्ध्यात अडकलेलं ती जन्मात पहिल्यांदाच बघत होती.

"मगाशी पडवीत फोनवर ती निळी टिकली म्हणत हुतीस," तो शेवटी म्हणाला. "कानामागं खाजती का?"

"नाही, दादा."

"मग आण एक. बगू."

वहिनी मुखवटे बाकावर मांडत होती. "आवं, यातली थोरली कोणती?" तिने विचारलं. पदराच्या एकाच गाठोड्यात दोघी आल्या होत्या. कुणालाच सांगता येईना. सगळ्यांनी सवयीने दादाकडे पाहिलं. दादाने ऋतुजाकडे पाहिलं.

"चिमे, तू सांग. तू म्हणशील ती."

घरच्या बाबतीत तिचं मत विचारलं जाण्याचा हा पहिलाच प्रसंग. तिच्या कानामागे चकती नव्हती, तरी वाक्य पुरं आलं: "मला काय माहीत, दादा? मी कधी बघितलंच नाही. मी खरवड खात असायचे." शेवटी दोन्ही गौरी शेजारी शेजारी तशाच ठेवल्या, आणि थोरली-धाकटीचं त्यांचं त्यांनी बघावं असं ठरलं. कुणाचं काही अडलं नाही.

मग ऋतुजाने धाडलेला निरोप वाचून डॉ. उकिडव्यांचा फोन आला. ते इतक्या मोठ्याने बोलत होते की सगळ्या वर्गाला ऐकू येत होतं. पायरी तोडायची नसते, ती दोन्ही बाजूंनी वापरता येते, हे आज सिद्ध झालं आहे, ते म्हणत होते. मेंदूविज्ञान आता पुन्हा नव्याने लिहावं लागेल. हा वगळलेला आलेख उद्याच्या जगाचा पाया ठरेल. माणूस माणसाचं ऐकेल, राष्ट्रं राष्ट्रांचं ऐकतील. थोरल्याने धाकट्याचं आणि धाकट्याने थोरल्याचं ऐकलं, तर या पृथ्वीवर असा कुठला डोंगर आहे की...

दादाचे डोळे भरून आले होते. ऋतुजाचेही. अख्खी वाडी श्वास रोखून ऐकत होती.

"तुमचं झालं असंल तर," मागच्या बाकावरून वैशालीताई म्हणाली, "यंदाची खरवड मला द्या."